आईबापांची सोबत आणि बालमनाचा धीर



लहान मुलाच्या अंगी संकटात टिकून राहण्याचा धीर कोठून येतो, आणि आईबापांनी मुलांसह हाताने काही घडविण्याचा त्या कामी काय उपयोग होतो, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात या प्रश्नाचे महत्त्व निराळे सांगावयास नको. शेतीवरील संकटामुळे 2006 साली केंद्र सरकारने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली, त्यांत आपला जिल्हा होता. पाऊस ओढ देतो, हातचे पीक जाते, तेव्हा घरातील काळजी पाच वर्षांच्या मुलास कोणी सांगत नाही. पण ती त्यास कळल्यावाचून राहत नाही.

हवाई बेटांतील कवाई येथे 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा अभ्यास एमी वर्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मुले चाळिशीला येईपर्यंत केला. दारिद्र्य, कलह, घरातील आजार अशा अनेक अडचणींत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले कर्तबगार व मायाळू माणसे झाली. अशा मुलांत एक गोष्ट ठळकपणे आढळली: लहानपणी निदान एका वडीलधाऱ्या माणसाशी त्यांचे जिव्हाळ्याचे व स्थिर नाते जुळलेले होते. ते माणूस आजी-आजोबाही असू शकते.

असे नाते सोबतीने काम करताना सहज जुळते. पोळ्याचा मातीचा बैल घ्या. आपली काळी माती सुकताना आकसते व तडकते. शिंग गळून पडते, मूल रडकुंडीस येते. बापाने बैल हिसकावून स्वतः नीट करून दिला, तर मुलास बैल मिळतो. पण आपल्याला हे जमत नाही, अशी समजूतही त्याबरोबर मिळते. उलट बाप जवळ बसून म्हणाला, ‘मातीत थोडा भुसा मिसळ, जोडाला ओला चिखल लाव, पुन्हा बसव,’ तर मोडलेले पुन्हा उभे करता येते, हे त्या चिमुकल्या बोटांना कळते. संकटातील धीराचा हाच पहिला धडा होय.

भुलाबाईच्या दिवसांतही हेच घडते. आई गाणे सांगते, मुलगी त्यात आपली ओळ जोडते, झाकलेला खाऊ ओळखताना चुकते, हसते आणि पुन्हा ओळखू लागते.

याला पैसा लागत नाही. ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डी येथे काम सुरू केले, तेव्हा महागड्या साधनांऐवजी खडे, शिंपले, पाने, काड्या हीच साधने केली आणि बालवाडी मुलांच्या अंगणात नेली. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या.

मग शिक्षकाने काय करावे?

एक: माता-पालक गटाच्या बैठकीत केवळ सूचना न देता पालकांना मुलांशेजारी बसवून अर्धा तास काही घडवू द्यावे.

दोन: घरी केलेल्या वस्तूंना गुण वा क्रमांक देऊ नयेत. क्रमांक लावला की बाप स्वतः वस्तू करतो किंवा बाजारातून आणतो.

तीन: ‘छान’ एवढेच न म्हणता ‘हे कसे केलेस? मोडले तेव्हा काय केलेस?’ असे विचारावे.

चार: ज्याचे आईबाप कामासाठी परगावी गेले असतील, त्याच्या आजीस वा काकास बोलवावे; कोणीच नसेल, तर आपण स्वतः त्याच्याजवळ बसावे.

मातीच्या बैलाने कर्ज फिटत नाही, भूकही भागत नाही. त्यासाठी समाजाने व शासनाने आपले कर्तव्य केलेच पाहिजे. परंतु आपत्तीतही आपले माणूस आपल्याजवळ बसते, हा विश्वास मुलास देणे आपल्या आवाक्यात आहे. येत्या पालकसभेत एक परात माती ठेवून आपण त्यास आरंभ करावा, एवढीच विनंती.