सुराची आस आणि उजवा पाय



पेडल स्टील गिटारचं एखादं चांगलं ध्वनिमुद्रण लावा आणि त्यातल्या एखाद्या लांबलेल्या सुराकडे कान द्या. तार छेडली आहे हे कळतं, पण छेडल्याचा ठोका फारसा ऐकू येत नाही. सूर भरत जातो, ठरतो आणि वादकाला हवं तेव्हाच ओसरतो. छेडून वाजवायच्या वाद्याचा हा स्वभाव नव्हे. सतार घ्या, सरोद घ्या; आघाताच्या क्षणी आवाज सर्वांत मोठा असतो आणि तिथून तो उतरतच जातो. स्टील गिटारच्या तारेचंही तेच होतं. ही उतरण भरून काढतो तो वादकाचा उजवा पाय. त्याच्याखाली व्हॉल्यूम पेडल असतं. आज मी बोलणार आहे ते या पायाबद्दल, कारण शिकणाऱ्यांचं सगळं ध्यान हातांकडे असतं आणि पाय जिथे पडेल तिथे पडतो.

आपल्याकडे स्टील गिटार म्हटलं की आठवते ती मांडीवरची हवाईयन गिटार. व्हॅन शिपली, सुनील गांगुली यांनी तिच्यावर वाजवलेल्या चित्रपटगीतांच्या धून घराघरांत ऐकल्या गेल्या. पंडित ब्रिजभूषण काबरा तर जमिनीवर मांडी घालून, गिटार मांडीवर आडवी ठेवून राग वाजवत. तिथे पायाला काही काम नाही. विजेवरच्या हवाईयन गिटारवर आवाज कमीजास्त करायचा तर उजव्या हाताची करंगळी वाद्यावरच्या बटणाला लावून ठेवायची, अशी रीत आहे.

पेडल स्टीलचं तसं नाही. हे वाद्य चार पायांवर टेबलासारखं उभं असतं आणि वादक त्याच्यामागे स्टुलावर बसतो. नॅशव्हिलच्या प्रचलित ठेवणीत दहा तारा, जमिनीलगत तीन पेडल आणि वाद्याच्या पोटाखाली गुडघ्यांनी ढकलायचे चार-पाच लीव्हर. 1954 साली वेब पिअर्सचं ‘स्लोली’ हे गाणं अमेरिकेत गाजलं. त्यात बड आयझॅक्सने तार वाजत असतानाच पेडल दाबून तिचा सूर चढवला होता. तो आवाज ऐकून कितीतरी स्टील वादक आपल्या वाद्याला पेडल बसवून घ्यायला धावले. पुढे बडी एमन्स आणि जिमी डे या दोन थोर वादकांनी तीच तीन पेडल एकमेकांच्या उलट क्रमाने लावली, आणि दोन्ही ठेवणी आजही चालू आहेत. डाव्या पायाचं हे काम. शेजारची दोन पेडल एकाच तळव्याखाली घ्यायची. दोन्ही दाबली की षड्जाची कॉर्ड मध्यमाची होते, आणि घोटा कलवला की त्यांतलं एकच सुटतं. त्याला सराव लागतो, पण फसलं तर सूरच चुकतो आणि चूक लगेच कळते.

उजव्या पायाची चूक लपून राहते, म्हणून ती जास्त दिवस टिकते. सूर बरोबर असतो, लय बरोबर असते, पण वाजवणं कुठेतरी हिंदकळत राहतं. पोटरीत गोळा येतो, नडगी भरून येते, आणि वादकाला वाटतं की आपली तब्येतच या वाद्याला साजेशी नाही. बहुतेक वेळा तब्येतीचा काही दोष नसतो. पेडल चुकीच्या जागी असतं.

बसण्यापासून सुरुवात करू या. स्टूल इतक्या उंचीचं हवं की मांड्या साधारण जमिनीला समांतर राहतील आणि गुडघे लीव्हरला आपोआप टेकणार नाहीत. स्टूल बुटकं असलं की गुडघे वर येतात, घोटा आखडतो आणि पेडल मागे घेताना, म्हणजे आवाज बंद करताना, चवडा फार वर उचलावा लागतो. सगळ्यात जास्त ताण याच स्थितीत पडतो. नडगीच्या पुढचा स्नायू दुखतो तो यामुळेच. उंच माणसांनी स्टूल वाढवलं तर वाद्याचे पायही वाढवायला हवेत, नाहीतर मांड्या खालून वाद्याला भिडतात. थोडी टाच असलेला बूट घातला तर चवडा तेवढा कमी उचलावा लागतो. काही वादक नुसत्या मोज्यांवर वाजवतात, त्यांना पेडल नीट जाणवतं म्हणून. मला पातळ तळव्याचा, बेताच्या टाचेचा बूट बरा वाटतो, आणि घरी सराव करतानाही तोच घालावा असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. अनवाणी बसवलेला हिशेब बूट घातल्यावर बिघडतो.

आता पेडलची जागा. नीट बसा, डोळे मिटा आणि उजवा पाय सहज पुढे टाका. तो किंचित बाहेरच्या बाजूला वळलेला पडेल. पेडल त्या पायाखाली, त्याच कोनात सरकवा. ते वाद्याशी काटकोनात दिसलं नाही तरी बिघडत नाही. मग पाय मागेपुढे करून पाहा. पेडल जिथे झुलतं त्या कण्याच्या जवळ घोटा आला की नुसत्या घोट्याने काम होतं. पाय फार पुढे असला तर दर वेळी सगळी मांडी हलते, आणि मांडीने बारीक काम होत नाही.

हे बारीक काम कोणतं, तेही सांगते. तार छेडताना पेडल पूर्ण दाबलेलं नसावं. अर्ध्याहून थोडं पुढे असलं की पुरे. मग तार जसजशी उतरेल तसतसं ते हळूहळू पुढे न्यायचं. कानाला आवाज वाढल्याचं कळता कामा नये, सुराची आस टिकल्याचं कळावं. छेडताना पेडल पार मागे आणि नंतर एकदम पुढे, असं केलं की प्रत्येक सूर हुंदका दिल्यासारखा येतो. एखाद्या जागी ते शोभतं, पण गाणंभर नाही. आपल्या संगीत नाटकांतला ऑर्गन ज्यांनी जवळून पाहिला असेल त्यांना हे चटकन समजेल. भाता पायाने चालायचा, आणि मुरलेल्या वादकाचे पाय असे चालायचे की गायकाच्या तानेखाली हवा कधी तुटायची नाही.

खरी कसोटी मात्र गुडघ्याची आहे. तोच उजवा गुडघा डावीकडे ढकलला की एक लीव्हर, उजवीकडे ढकलला की दुसरा. तळवा पेडलवर आणि गुडघा आडवा चाललेला! गुडघा बाहेर गेला की पाऊल बाहेरच्या कडेवर कलंडतं, पेडल नकळत दाबलं जातं आणि सूर बदलण्याच्या ऐन क्षणी आवाज उसळतो. याची परीक्षा सोपी आहे. एक तार छेडा, पेडल मधोमध स्थिर धरा आणि उजव्या गुडघ्याने आलटून पालटून दोन्ही लीव्हर ढकला. नुसतं आवाजाकडे लक्ष द्या. तो खालीवर झाला तर पेडल बोट-दोन बोटं सरकवा आणि पुन्हा पाहा. पाय सहज टेकलेला असताना दोन्ही लीव्हर गुडघ्यापासून सारख्या आणि थोड्याच अंतरावर असले पाहिजेत. एका बाजूला फार जायला लागत असेल तर पायाला वळण लावत बसू नका. पुष्कळ वाद्यांवर लीव्हरची जागा किंवा कोन बदलता येतो. तो बदलून घ्या. गुडघा हलवायचा तो खुब्यातून, तळवा सपाट ठेवून. हे साधायला महिने लागतात, आणि त्या महिन्यांत रोज थोडा वेळ डावा हात एकाच जागी ठेवून फक्त पायांचा सराव करावा, असं मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगते. त्यांना कंटाळा येतो, हे मला दिसतं. तरी सांगते.

घरी जागा पक्की झाली की जमिनीवर चिकटपट्टीने खुणा करून ठेवा: वाद्याच्या चार पायांच्या, स्टुलाच्या आणि पेडलच्या. पेडल वाद्याच्या खालच्या दांडीला अडकवून ठेवायची पट्टीही मिळते, म्हणजे ते वाजवताना पुढे घसरत नाही. आपल्याकडच्या मंचांवर सतरंजी असते आणि तिला चुण्या पडलेल्या असतात. पेडलखालची तेवढी जागा आधी सपाट करून घ्या. मग स्टूल, मग वाद्य, शेवटी पेडल, या क्रमाने मांडामांड करा, आणि तारा जुळवायला घेण्याआधी उजवा गुडघा एकदा दोन्ही बाजूंना नेऊन पाहा.