डिझेल मोटारीचा उष्णतामापक

पाण्याचा काटा स्थिर दिसला की चालक निश्चिंत होतो. पण पाणी सावकाश तापते. सिलिंडरात काय घडत आहे, ते बाहेर पडणारे जळालेले वायू आधी सांगतात. त्यांचे उष्णतामान दोन भिन्न धातूंच्या तारांच्या सांध्याने मोजतात. सांधा तापला की किंचित विद्युद्दाब उत्पन्न होतो. तो काट्यावर अंशांत वाचता येतो.

डिझेल इंजिनात हवा मुबलक असते. म्हणून इंधन जितके अधिक, तितकी उष्णता अधिक. टर्बोचार्जर जादा हवा पुरवितो खरा; परंतु सावंतवाडीहून आंबोलीचा घाट चढणाऱ्या भरलेल्या मोटारीचा चालक वरच्याच गिअरमध्ये पाय दाबून राहिला, तर फेरे मंदावतात, हवा अपुरी पडते आणि काटा झपाट्याने चढतो.

टर्बाइनच्या अलीकडे सुमारे ७०० अंश सेल्सिअस ही दीर्घ चढावरची सावधगिरीची मर्यादा बरेच जाणकार मानतात. इंजिनाच्या निर्मात्याने निराळी दिली असल्यास तीच प्रमाण. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांनाच वितळते. पिस्टन तगतो, तो तेल आणि पाणी त्याची उष्णता सतत वाहून नेतात म्हणून. टर्बाइनपलीकडे मात्र वायू बरेच निवलेले असतात. तेव्हा सांधा कोठे बसविला आहे, हे ठाऊक नसता आकडा व्यर्थ होय.

क्षणभर चढलेला काटा घातक नव्हे. तेथेच रेंगाळणारा घातक. अशा वेळी पाय सैल करावा, खालचा गिअर टाकावा आणि घाटमाथ्यावर थांबताना इंजिन थोडा वेळ मंद चालू ठेवून मगच बंद करावे.