राज्ञी हें पद

अंबरनाथच्या शिवमंदिरांतील शके 982, म्हणजे इ. स. 1060 च्या, शिलालेखांत शिलाहार मामवाणिराजाचें नांव बिरुदांसह कोरलें आहे. मग राजस्त्रियांच्या पदव्या कोणत्या? इंग्लंडांत मर्सियावर 911 ते 918 पर्यंत राज्य करणाऱ्या एथेलफ्लेडला ‘मर्सियाची स्वामिनी’ म्हणत. त्या स्वामिनीवाचक शब्दाचा मूळ अर्थ ‘पावाचें पीठ मळणारी’; आजचा ‘लेडी’ शब्द त्यांतूनच निघाला. आपल्याकडे येसूबाईसाहेबांच्या मुद्रेंत ‘राज्ञी’ हें पद होतें. 1689 त संभाजीमहाराजांच्या वधानंतर त्यांनीं राजारामांस रायगडाबाहेर धाडलें, व स्वतः शाहूसह गडावर राहिल्या. गड पडला, मोंगलांची कैद सोसून त्या 1719 त परतल्या. राज्ञीपद म्हणजे जबाबदारी, हें त्यांनीं आचरणानें सांगितलें.