भंडारदऱ्याच्या पलीकडे

भंडारदऱ्याला गेलेली बरीच मंडळी धरण आणि रंधा धबधबा पाहून माघारी फिरतात. पण जलाशयाच्या कडेकडेने तसंच पुढे गेलं, की रतनगडाच्या पायथ्याशी रतनवाडी लागते. प्रवरा नदी याच डोंगरात उगम पावते. इथलं अमृतेश्वराचं प्राचीन मंदिर आवर्जून पाहा. दगडी खांबांवरचं आणि छतावरचं कोरीवकाम निवांत न्याहाळा. शेजारच्या पुष्करणीच्या भिंतींत ओळीनं देवकोष्ठं आहेत. पुढे साम्रद गावाजवळ सांदण दरी. दोन्हीकडे ताशीव कडे, मधून जेमतेम वाट. पावसाळ्यात मात्र या दरीत मुळीच उतरू नका. पाण्याचा लोंढा अचानक येतो. गावातला वाटाड्या सोबत घ्या, जेवणही गावातच सांगून ठेवा आणि आपला कचरा आपणच परत न्या.