टाचेचे दुखणे
(ज्ञातिसंघाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



३६ वर्षे फळ्यापुढे उभा राहिलो; त्याचे निवृत्तिवेतन मला मिळाले, व्याज मात्र टाचांनी वसूल केले.

सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टाकावे, तो टाचेत खिळा रुतल्यासारखी कळ यावी. दहावीस पावलांनंतर ती उतरावी आणि फार वेळ उभे राहिले की पुन्हा उठावी, असा या दुखण्याचा क्रम आहे. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्यात एक चिवट पट्टा असतो. तो टाचेशी जेथे जडलेला असतो तेथे ही कळ उपजते. क्ष-किरण चित्रात हाड वाढलेले दिसले की आपण घाबरतो. परंतु तसे हाड कधीही टाच न दुखलेल्या पुष्कळांतही आढळते.

आमच्या घरी हे दुखणे प्रथम सौभाग्यवतींना झाले. फरशीवर अनवाणी उभे राहून त्या स्वयंपाक करीत, आणि मी ते तीन वर्षे हसण्यावारी नेले, हे येथे कबूल करतो. पुढे माझीच टाच धरली, तेव्हा दोघेही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी औषध थोडे आणि व्यायाम फार सांगितला.

पहिले पाऊल टाकण्यापूर्वी दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्यावा, बोटे हाताने नडगीकडे ओढून १० अंक मोजावे. असे १० वेळा, दिवसातून तीनदा. तसेच पंच्याची गुंडाळी बोटांखाली घालून पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभे राहावे, भिंतीचा आधार घ्यावा, आणि टाचा सावकाश उचलून सावकाश खाली न्याव्या. हे एक दिवसाआड. घरातही मऊ तळाची चप्पल असावी. निराळा जोड ठेवला म्हणजे स्वयंपाकघराचे सोवळे मोडत नाही, असे माझे मत आहे. आमच्या मातोश्रींना ते पटले नसते! मला गुण येण्यास चार महिने लागले, सौभाग्यवतींना आठ.

तापल्या विटेवर रुईचे पान ठेवून टाच शेकण्याची चाल आपल्यात आहे. मधुमेह्याने ते कदापि करू नये. त्याच्या तळव्यास चटका कळेलच असे नाही. आमच्या एका आप्तांची टाच अशीच भाजली, ती जखम पाच महिने भरली नाही. पाय बधिर झाला, टाच लाल होऊन सुजली, ताप आला, किंवा निजल्यावरही कळ राहिली, तर घरी उपाय करीत न बसता डॉक्टरांस दाखवावे.

पायरीवरचा व्यायाम सौभाग्यवती भोजनोत्तर सभागृहाच्या पायऱ्यांवर करून दाखविणार आहेत. भगिनींनी संकोच न धरता यावे. बंधूंनी पंचा आणावा.