रस्त्याची कडा आणि संकटग्रस्त प्रजाती : अध्यक्षीय भाषण

रस्ता रुंद करताना वन्यजीवांवर काय परिणाम होईल, याचा अंदाज घेणारे बहुतेक अहवाल डांबराच्या पट्ट्यापाशी थांबतात. किती झाडे तुटणार, किती हेक्टर वनजमीन वळती होणार, एवढे त्यांत नोंदलेले असते. संकटग्रस्त प्रजातींचे भवितव्य मात्र पुष्कळदा रस्त्याच्या कडेला ठरते. काँक्रीटचे गटार, घाटातली संरक्षक भिंत, सलग दुभाजक, पथदिवे, विजेच्या तारा, भरावासाठी माती उचलल्यावर राहिलेले खड्डे ही कामे निविदेत किरकोळ बाबी म्हणून येतात. पण उभ्या भिंतींच्या गटारात पडलेल्या बेडकाला किंवा कासवाला वर चढता येत नाही. दुभाजकापाशी अडलेले जनावर भर वाहतुकीत खोळंबते. रात्रभर जळणारा दिवा कीटकांना ओढतो आणि त्यांच्यामागे बेडूक रस्त्यावर येतात.

सिंधुदुर्गातील आंबोलीचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. सावंतवाडीहून बेळगावकडे जाणारा रस्ता इथून घाट चढतो. याच परिसरात आंबोली टोड हा इवलासा भेक राहतो. त्याचे शास्त्रीय वर्णन 2009 साली प्रसिद्ध झाले. आययूसीएनच्या यादीत तो अतिसंकटग्रस्त आहे आणि आंबोलीच्या परिसराबाहेर तो ठाऊक नाही. जांभ्या दगडाच्या सड्यावर पहिल्या पावसात जी उथळ डबकी साचतात, त्यांत तो अंडी घालतो. मार्चमध्ये तिथे गेलेल्या सर्वेक्षकाला उन्हात तापलेला, उघडाबोडका कातळ दिसेल. नकाशावर त्या जागेची नोंद पडीक जमीन अशी होईल, आणि खडी, यंत्रे, डांबराची पिंपे ठेवायला तीच जागा सोयीची ठरेल. वाहनाखाली मेलेले भेक निदान मोजता तरी येतात. बुजलेल्या डबक्यात जन्मालाच न आलेली पिढी कोणाच्याच मोजणीत येत नाही.

ही अडचण आंबोलीपुरती नाही. आपल्याकडे प्रकल्पांच्या मूल्यमापनासाठी पावसाळा सोडून एका हंगामाची पाहणी करण्याची रीत रूढ आहे. हवा आणि धूळ मोजायला ती चालेल. सह्याद्रीतल्या जीवांसाठी ती मुळातच चुकीची आहे, कारण इथले कित्येक जीव पावसाळ्याच्या चार महिन्यांतच नजरेला पडतात. कंदीलपुष्पाच्या अनेक जाती फक्त याच डोंगररांगेत आढळतात. त्यांची फुले पावसाळ्यात येतात आणि नंतर कंद जमिनीखाली निपचित पडून राहतो. उन्हाळ्यात दरडीचा उतार तासणाऱ्या यंत्राखाली तो कंद गेला, तर काय गेले हे कोणालाच कळत नाही.

तारांचा प्रश्न वेगळा, पण तितकाच गंभीर. माळढोक वजनाने जड असतो आणि त्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असल्याने त्याला समोरचे फार अरुंद क्षेत्र दिसते. आडवी तार जवळ आल्यावर त्याला झटकन वळता येत नाही. मादी बहुधा वर्षाला एकच अंडे घालते, म्हणून एका प्रौढ पक्ष्याचा मृत्यूही भरून निघायला वर्षे लागतात. अशा प्रजातीबाबत ‘परिणाम अल्प’ असा शेरा मारणे हा निव्वळ निष्काळजीपणा आहे.

कायद्याची चौकटही मोठ्या कामांसाठी आखलेली आहे. पर्यावरणीय परिणाम मूल्यमापनाच्या 2006 च्या अधिसूचनेत 2013 साली झालेल्या दुरुस्तीनंतर, राष्ट्रीय महामार्गाचे रुंदीकरण 100 किलोमीटरहून लांब असेल आणि ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त रुंदीची जादा जागा लागणार असेल, तरच त्याला पर्यावरण मंजुरी लागते. त्यामुळे संरक्षित क्षेत्राबाहेर घाटातले चार-पाच किलोमीटरचे काम, नवे गटार किंवा दिव्यांची रांग यांची स्वतंत्र तपासणी सहसा होत नाही. अशा दहा कामांचा एकत्रित परिणाम तर कोणत्याच कागदावर येत नाही.

नीट केलेले काम कसे असते, हे पेंचमध्ये दिसते. नागपूर–सिवनी महामार्गाच्या चौपदरीकरणावरून दीर्घ न्यायालयीन लढाई झाली. त्यानंतर महाराष्ट्राच्या हद्दीत प्राण्यांसाठी रस्त्याखालून जाणारे नऊ मार्ग बांधले गेले, 50 पासून 750 मीटरपर्यंत रुंदीचे. भारतीय वन्यजीव संस्थेने 2019 मध्ये मार्च ते डिसेंबर या काळात तिथे कॅमेरे लावले, तेव्हा 18 प्रजातींचे वन्यप्राणी टिपले गेले. त्यांत 11 वाघ होते आणि त्यांनी 89 वेळा हे मार्ग वापरले. हे मोठेच यश आहे. तरीही बांधकामापूर्वीची ये-जा मोजलेली नसेल, तर किती जनावरे रस्त्यापासून मागे फिरली हे या आकड्यांतून कळत नाही. शिवाय वाघासाठी बांधलेल्या वाटेने आंबोलीच्या भेकाचा प्रश्न सुटत नाही. त्याला उताराच्या कडा असलेले गटार आणि न बुजवलेला कातळ हवा.

म्हणून क्रम पाळायला हवा: आधी जागा टाळणे, मग हानी कमी करणे, आणि भरपाईचा विचार अगदी शेवटी. एका ठिकाणच्या सड्याची भरपाई दुसरीकडे झाडे लावून होत नाही. कामाच्या आधी आणि नंतर, रस्त्यालगत आणि रस्त्यापासून दूर, एकाच पद्धतीने मोजणी झाली तरच परिणामाबद्दल काही ठामपणे म्हणता येते.

या परिषदेतील अभियंत्यांना आणि जीवशास्त्रज्ञांना विनंती एवढीच आहे: सह्याद्रीतल्या रस्त्याच्या कोणत्याही कामाची आखणी पक्की करण्यापूर्वी निदान एक पूर्ण पावसाळा पाहणीसाठी द्या, आणि ही अट निविदेतच लिहा.