गाडी, रस्ता आणि सवय



मोटारगाडी हे यंत्र जगात सर्वत्र सारखेच आहे, असे वरवर पाहता वाटते. परंतु देशोदेशीच्या गाड्या शेजारी शेजारी उभ्या केल्या, तर प्रत्येकीवर तेथील रस्ता, इंधन आणि कर यांची छाप उमटलेली दिसते. अमेरिकेत अंतरे लांब, रस्ते रुंद आणि पेट्रोल स्वस्त. साहजिकच तेथे मोठ्या इंजिनांच्या गाड्या रूढ झाल्या. ओल्डस्मोबिलच्या १९४० सालच्या गाड्यांत स्वयंचलित गिअर आला आणि पुढे बहुसंख्य अमेरिकी चालकांचा डावा पाय क्लचच्या कामातून मोकळा झाला. युरोपात पेट्रोलवरील कर जड. तेथे लहान इंजिन आणि हाताने बदलायचे गिअर दीर्घकाळ टिकून राहिले. जपानने १९४९ साली 'केई' हा छोट्या वाहनांचा स्वतंत्र वर्ग कायद्याने निर्माण केला व त्यास करसवलती दिल्या. तेथील अरुंद गल्ल्यांना ही गाडी मानवली.

अशाच जपानी छोट्या गाडीच्या घडणीवर आधारलेली मारुती ८०० ही गाडी डिसेंबर १९८३ मध्ये भारतीय रस्त्यांवर आली. यंत्र आले; परंतु जपानी चालकाच्या सवयी त्याबरोबर आल्या नाहीत. येथे एकाच रस्त्यावर मालमोटार, बैलगाडी, सायकल आणि पादचारी यांची वर्दळ असते. आपण येत आहोत हे पुढच्यास कळवणे चालकाला आवश्यक वाटते. पश्चिम युरोपातील अनेक देशांत वस्तीच्या भागात केवळ धोका टाळण्यासाठीच भोंगा वाजवावा, असा दंडक आहे. भारतात मात्र मालमोटारींच्या पाठीवरच 'हॉर्न ओके प्लीज' असे निमंत्रण रंगवलेले असे. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली व्यापारी वाहनांवर हे शब्द लिहिण्यास मनाई केली. शब्द पुसणे सोपे. हाताची सवय पुसणे कठीण.

सवय बदलता येते काय? या प्रश्नाचे उत्तर स्वीडनच्या अनुभवात सापडते. तेथील बहुतेक गाड्यांचे सुकाणू डाव्या बाजूस असूनही वाहतूक रस्त्याच्या डावीकडूनच चाले. १९५५ सालच्या जनमतात सुमारे ८३ टक्के मतदारांनी बदलाला विरोध केला होता. तरीही ३ सप्टेंबर १९६७ रोजी पहाटे पाच वाजता सर्व देशाची वाहतूक उजवीकडे वळवण्यात आली. गोंधळ माजण्याऐवजी प्रारंभी अपघात कमीच झाले, कारण प्रत्येक जण जपून चालत होता. नवी रीत अंगवळणी पडताच अपघातांचे प्रमाण पुन्हा पूर्वपदावर आले. म्हणजेच माणसाला वाचवले ते बाजूने नव्हे, तर जागरूकतेने.

त्याच स्वीडनमध्ये व्होल्वो कंपनीतील अभियंता निल्स बोहलिन यांनी तीन बिंदूंवर बांधला जाणारा आसनपट्टा सिद्ध केला. १९५९ पासून तो गाड्यांत बसू लागला आणि इतर कारखानदारांनाही त्याचा वापर खुला ठेवण्यात आला. परंतु गाडीत पट्टा असणे वेगळे आणि तो बांधणे वेगळे. हे ओळखून ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १९७० साली तो बांधणे सक्तीचे केले.

भारतात मागील आसनावरील प्रवाशानेही पट्टा बांधावा, असा नियम आहे. तथापि केंद्र शासनाच्या अहवालानुसार २०२२ साली रस्ते अपघातांत मृत्यू पावलेल्या १,६८,४९१ व्यक्तींपैकी १६,७१५ जणांनी पट्टा बांधलेला नव्हता. त्यांतील निम्म्याच्या जवळपास चालक नव्हते, प्रवासी होते.

यंत्र समुद्र ओलांडून येते, कारखान्यात जुळवले जाते, विकत घेता येते. सवय आयात करता येत नाही. ती प्रत्येक समाजाला स्वतःच घडवावी लागते. पट्टा कितीही उत्तम असो, तो ओढून खटक्यात अडकवणारा हात चालकाचा आणि प्रवाशाचाच असतो.